कान भरायचं काम

कामरगावच्या नाटकात कपटी दिवाणाचं काम दौलतरावांकडे होतं. त्यांनी राजाचे कान भरायचे, राजानं सेनापतीवर संशय घ्यायचा आणि रागाच्या भरात राणीचा गळा दाबायचा. पण राजा झालेल्या मदनसिंगला तालमीत रागच येईना.

"राणी म्हंजे आपला मुन्ना. लुगड्यातल्या मुन्नावर काय संशय घेऊ, मास्तर?"

प्रयोगाला मात्र दौलतराव कानाशी लागले आणि मदनसिंगचे डोळे लाल झाले. राणीला तिथंच सोडून, लाकडी तलवार उपसून तो सेनापती झालेल्या राजपालच्या मागं धावला. दोघंही मंडपाबाहेर गेले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पडदा पाडून मास्तरांनी विचारलं, "दौलतराव, तुमी त्याले सांगितलं तरी काय?"

"राजपालनं तुह्या वावराचा धुरा कोरला म्हनलं."

"बांध कोरल्याचं असं खोटं कायले सांगता?"

"खोटं नाही, मास्तर. धुरा कोरला हे खरंच हाये." दौलतरावांनी चिकटवलेली मिशी हळूच काढली. "फक्त कोरलेली जमीन राजपालच्या वावरात नाही, माह्या वावरात आली."