मिर्तालेची विक्री

"सम्राट कधी मरणार?"

नुमिसियानं विचारलं आणि लगेच जीभ चावली. पैज मैत्रिणींनी लावली होती. "नवऱ्याचं नाव काय कुणीही विचारतं गं! दम असेल तर हे विचार," असं पाक्किया म्हणाली होती, आणि बाकीच्या दोघी तोंडाला शाल लावून खिदळल्या होत्या. आता त्या तिघी गल्लीच्या टोकाला लपून उभ्या होत्या. आत ज्योतिष्यासमोर होती एकटी नुमिसिया, चेहरा झाकलेली. मागे तिची वेणीफणी करणारी दासी, मिर्ताले. मिर्तालेनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणीच आलं.

ज्योतिषी पांढराफटक पडला. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग मेणाच्या पाटीवर त्यानं एका महिन्याचं नाव लिहिलं, तिला दाखवलं आणि अंगठ्यानं पुसून टाकलं. मिर्तालेला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी चौदा वर्षांची नुमिसिया अक्षरशः नाचत घरी आली. अख्ख्या रोममध्ये तिच्याएवढं शूर कुणी नव्हतंच!

नवव्या दिवशी ज्योतिषी तिला पुन्हा दिसला. त्याच्या जबड्यात लोखंडी आकडा अडकवून शिपाई त्याला नदीकडे ओढत नेत होते. पायरीपायरीवर डोकं आपटत होतं. मागून पोरं ओरडत होती, "काय हो बुवा, आजचं भविष्य दिसलं नाही वाटतं?"

मरण्याआधी त्याच्याकडून दोन वाक्यं काढून घेतली होती. सम्राटांच्या मरणाबद्दल विचारणारी बाई नुमिसियसच्या घरची होती, तोंड झाकलेली. सोबत वेणीफणीची दासी होती.

नुमिसियस म्हणजे तिचे बाबा. सम्राटांचे मावसभाऊ. उद्या सम्राट गेले, तर गादीच्या जवळ दोनच माणसं होती, आणि त्यातले एक बाबा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सम्राटांच्या खजिन्याचा कारभारी दोन आडदांड माणसं घेऊन हजर झाला. मिर्तालेला विकत घ्यायला. गुलामाची साक्ष त्याच्या मालकाविरुद्ध चालत नाही. म्हणून सम्राट आधी गुलाम विकत घेतात आणि मग त्याला लाकडी घोड्यावर बांधून ताणतात. न ताणता गुलाम जे बोलतो, ते कायद्याला खरं वाटत नाही.

घराच्या पुढच्या चौकात कारभाऱ्यानं मिर्तालेचे खांदे दाबून बघितले, बैलाचे बघतात तसे.

"बरे आहेत की," तो खूश होऊन म्हणाला. "परवाच्या माणसाचा हात तिसऱ्याच पिळाला निखळला. सगळा दिवस वाया!"

"ती केस फार छान विंचरते," आई उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"फण्या आमच्याकडेपण आहेत, बाईसाहेब. लोखंडाच्या."

ती दोन माणसं हसली. मिर्ताले नुमिसियाकडे बघत होती. घोड्यावर एक नाव घेतलं, की तिचे हाल तिथेच थांबणार होते. नाव इथेच तर उभं होतं, हातभर अंतरावर!

"ताईसाहेब, आत जा," मिर्ताले म्हणाली. "केस ओले आहेत तुमचे. सर्दी होईल."

नुमिसिया आत पळाली. आतल्या खोलीत बाबा विक्रीच्या पाटीवर अंगठीची मोहोर उठवायला वाकले होते. आईही तिच्या मागून आली.

"बाबा, नका देऊ तिला!"

"वेडी आहेस का? नाही म्हटलं तर आपणच काहीतरी लपवतोय असं होईल." बाबा अगदी शांत होते. "आपण काही विचारलेलं नाही. तिला काही माहीतच नाही, तर सांगणार काय? ओरडेल, मरेल. आपण सुटलो."

"तिला माहीत आहे," नुमिसिया म्हणाली. "ती बाई मी होते."

बाबांनी इतक्या जोरात थोबाडीत मारली, की ती दिव्याच्या खांबावर जाऊन आदळली. ओठ फुटला. पितळेचा खांब फरशीवर घणघणला. बाबांनी तिचे ओले केस मुठीत धरून तिला वर ओढलं, तिचं डोकं भिंतीवर दाबलं. आता हे आपल्याला मारूनच टाकणार, असं तिला वाटलं.

पण बाबा आईकडे बघत होते. आईनं मान डोलावली, दाराचा पडदा ओढला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

बाबा तिच्या कानाशी वाकले. त्यांचा श्वास गरम होता. आवाज मात्र अगदी लाडाचा, ती लहान असताना असायचा तसा.

"काय म्हणाला गं तो? कधी?"

नुमिसियानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिनं तर पैजेसाठी विचारलं होतं. तिनं आईकडे बघितलं. आईपण ऐकायला पुढे झुकली होती.

बाहेर मिर्ताले किंचाळली. मग तो कारभारी ओरडला, "अरे, इथे नको रे! अजून मोहोर उठायची आहे!"

नुमिसियानं बाबांची मूठ सोडवली. एकेक बोट करून. ओठावरचं रक्त मनगटानं पुसलं.

"मी त्या माणसाला सांगायला चाललेय, की प्रश्न माझा होता," ती म्हणाली. "हद्दपार करून पाठवू देत मला कुठल्या बेटावर पाठवायचं तिथे. पण तुम्ही दोघं आधी बाहेर या आणि सगळ्यांदेखत म्हणा, की मिर्ताले आजपासून मोकळी. मोकळ्या बाईला घोड्यावर बांधता येत नाही. आणि नाही म्हणालात ना बाबा, तर आत्ता तुम्ही मला काय विचारलंत, तेपण सांगून टाकणार आहे."