वाहता नळ
जळगावच्या संस्थेनं आमच्या पाड्यावर टाकी बसवली, नळ बसवला, नावाची पाटीही बसवली. पाणी तेवढं राहिलं. तरी आज संस्थेच्या ताई फोन घेऊन हजर. देणगीदारांना वाहता नळ लाइव्ह दाखवायचा होता. "आमची संस्था पारदर्शक आहे, लाइव्ह मध्येच तोडत नाही," म्हणाल्या, आणि आम्हा बायकांकडून नदीतल्या झिऱ्याचं पाणी आणून टाकीत ओतून घेतलं. सात हंडे. मग लाइव्ह सुरू. नळ आला, ताई गहिवरल्या, फोनवर बदाम उडू लागले. "जमनाअक्का, कसं वाटतंय?" अक्कानं नळाखाली रिकामा हंडा लावला. "बठ्ठं आमनं पानी शे, ताई. घर लई जातस." आपलं पाणी घरी न्यायला तिच्यामागे आम्हीही रांग लावली. ताई डोळे वटारत राहिल्या. पण शेकडो लोक बघत होते. सातवा हंडा भरला, नळ गुरगुरला आणि थांबला. अक्का फोनकडे वळून म्हणाली, "आते दखाडा वाहता नळ."