लाईट गेली तेव्हा

"साहेब, या माणसाला मी आज पहिल्यांदाच बघतोय," शेठनी कामगार न्यायालयात ठणकावून सांगितलं, आणि झुंबर कुबडी टेकवत बाकावर बसला. अवजड लोखंडी साचा पडून त्याचा पाय चिरडला, तो याच शेठच्या वर्कशॉपमध्ये. पण भरपाई मिळवायची तर तिथे कामाला होतो हे दाखवायला हवं. पगार कायम रोख, नोंद कुठेच नाही, आणि सोबतचे कामगार नोकरी जाण्याच्या भीतीने गप्प.

घरी बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचारात तो असतानाच लाईट गेली. न्यायालयाच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख झाला.

"झुंबऱ्या, जनरेटर लाव रे!" शेठ सवयीने ओरडले.

"लावतो शेठ!" झुंबरही सवयीने उठलासुद्धा.

मग झुंबरच्या वकीलबाई खुदकन हसल्या. कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली, तर शेठचा चेहरा घामाने डबडबलेला.

"बसा झुंबरराव, जनरेटर आमचा शिपाई लावेल," न्यायाधीश हसू दाबत म्हणाले. "आणि काय हो शेठ, पहिल्याच भेटीत माणसाला कामं सांगता होय?"