भरतीची वेळ
भाट्याच्या कोळंबीबीज केंद्रात मुलाखत देऊन वैदेही माहेरी आली, ती चपलांसकट पायरीवरच बसली. आईच्या मांडीवर तिचा आठ महिन्यांचा लेक पेंगत होता. “नोकरी मिळाली, सोमवारपासून. पहाटेच्या भरतीलाही टाक्यांत पाणी घ्यायला हजर राहायचं. पदवी मत्स्यशास्त्राची, आणि साहेबांनी विचारलं काय, तर बाळ कोण सांभाळणार! तुझं ऐकून डी.एड. केलं असतं तर बरं होतं. मास्तरणीला मुलं, नोकरी, दोन्ही जमतं.” जन्मभर मास्तरकी केलेली आई म्हणाली, “तू एवढीच होतीस. खेडला तुला शेजारणीकडे टाकून मी शाळेत जायची. परत येईस्तोवर रडून रडून निजलेली असायचीस. जमलं कुठे गो? तुला सांगितलं नाही, इतकंच.” आईने नातवाला खांद्यावर घेतलं. “सोमवारी भरती कधी?” “चारला.” “मग रविवारी याला इथेच निजव.”