तिसरा आरसा

नव्या क्रूझर बाइकला लेग गार्ड, विंडशील्ड आणि बॅकरेस्ट बसवून झालं, तरी गिऱ्हाइकाचं समाधान होईना. त्याला हँडलच्या मधोमध तिसरा आरसा हवा होता.

"साहेब, तिथून मागची गाडी दिसणार नाही. मागे बसलेलं माणूसच दिसेल," फिटर म्हणाला.

"तेच दिसायला हवंय. नुसता चेहरा नको, पार कमरेपर्यंत."

फिटरने मागच्या सीटवर बसलेल्या बाईंकडे पाहिलं. "नवीन लग्न दिसतंय."

"एकवीस वर्षं झाली. जुन्या गाडीवर बसलो की घर येईपर्यंत अबोला. या वेळी हिने अटच घातली, आरसा नसेल तर मागे बसणार नाही."

अबोल्यावर आरशाचा उतारा फिटरने कधी ऐकला नव्हता. त्याने आरसा थोडा खाली झुकवला, मग आणखी एक अंश. "आता?"

मागे बाईंनी दोन्ही हात छातीशी आणले. बोटं भराभर हलू लागली. तोंडातून मात्र शब्द नाही. आरशात बघता बघता नवरा हसायला लागला.

"काय म्हणाल्या?" फिटरने हळूच विचारलं.

"म्हणते, माझ्याकडे काय बघत बसलायस, समोर बघ."