छत्तीस गुणांचं हसू

पत्रिका जुळवायला गुरुजी हास्यमापक घेऊन आले. जन्मवेळ आता कुणी विचारत नसे. माणूस कुठल्या विनोदी मालिकेला हसतो, त्यावरून त्याचा पंथ ठरे, आणि टीव्ही असे देवघरात. शाल्मलीचं घर तीन पिढ्यांचं खानावळपंथी, तर बघायला आलेला निरंजन कचेरीपंथी. दोन्ही मालिकांचे ठरलेले बहुतेक भाग लावून झाले, तेव्हा छत्तीसपैकी जेमतेम चार गुण जुळले होते. शाल्मलीला निरंजन मनापासून आवडला होता, आणि आता शेवटचा एकच भाग उरला होता.

गुरुजींनी रीतीप्रमाणे रिमोटला हळदकुंकू वाहिलं, जरा सढळ हातानंच. मग रिमोट चालेना. गुरुजी गंभीर चेहऱ्यानं तो टीव्हीपुढे ओवाळत राहिले. शाल्मलीला हसू फुटलं आणि त्याच क्षणी निरंजनलाही. मापकाचा काटा छत्तीसवर जाऊन बसला.

"हे धरता येत नाही," गुरुजी म्हणाले. "हे कुठल्याच मालिकेत नाही."

"पण गुरुजी, हसलो तर आम्हीच ना?" शाल्मली म्हणाली. "आमचा पंथ कोणता लिहाल?"

गुरुजींनी आपली लाल झालेली बोटं पाहिली. थोडा विचार करून त्यांनी पंथाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.