डाव्या हाताची मूठ

सरकत्या पाटाची जुनी मूठ दुर्गाबाईंनी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ड्रिल उचललं. चार वाजता दिग्विजयसिंह टेंपो घेऊन मशीन न्यायला येणार होता. सौदा लक्ष्मीकांतरावांनी फोनवरच करून टाकला होता, बायकोला न विचारता. आता सव्वातीन झाले होते.

मशीन म्हणजे टेबलाच्या मधोमध फिरणारी गोल करवत आणि तिच्या डाव्या अंगाला पुढेमागे सरकणारा पाट. लाकूड पाटावर ठेवायचं, डाव्या हातानं मूठ धरून पाट ढकलायचा. मुरार गावातल्या घरामागच्या या खोलीत लक्ष्मीकांतरावांनी असे कितीतरी पाळणे आणि देव्हारे केले होते. श्रावणात एकदा पाट अडला. त्यांनी लाकूड नुसत्या डाव्या हातानं रेटलं, आणि तर्जनी व मधलं बोट गेलं. तेव्हापासून तो हात झब्ब्याच्या खिशात आणि ते स्वतः अंगणात, खोलीकडे पाठ करून.

बोटांचं दुर्गाबाईंना दुःख होतं. पण खिशातल्या हाताचा त्यांना राग यायचा. घरातल्या माणसाचा एक हात चार-चार महिने दिसू नये म्हणजे काय. मध्ये एकदाच तो बाहेर आला होता. सोमवारी कणीक मळता मळता त्यांनी गोळा पुढे केला होता, "जरा धरा हो घट्ट, दूध उतू चाललंय." लक्ष्मीकांतरावांच्या उजव्या हातात चहाचा कप होता. डाव्या हातानं अन्नाला शिवू न देणाऱ्या बाईनं डाव्या हातात कणीक दिली, याचं त्यांना नवल वाटलं होतं. मग हात पुन्हा खिशात गेला.

लाकूड दाबून धरणारा क्लॅम्प दुर्गाबाईंनी सकाळीच पाटावर बसवला होता. आता कापताना लाकडाला हात लावायची गरज नव्हती. राहिली होती नवी मूठ. शिसवाचा तुकडा तीन दिवस कानशीनं घासून त्यांनी ती केली होती, आणि पाटाच्या पार बाहेरच्या कडेला, पात्यापासून हातभर लांब बसवायची होती.

त्यांनी ड्रिल चालू केलं.

"आधी बारीक बिट लाव," अंगणातून आवाज आला. "लाकूड फाटेल."

"दुसऱ्याकडे जाणार आता. फाटलं तर फाटलं," त्या म्हणाल्या. बारीक बिट त्यांनी आधीच लावलेलं होतं.

भोकं पडली. दोन स्क्रूंपैकी एकच त्यांनी आवळला, दुसरा मुद्दाम सैल ठेवला आणि पाट ढकलला. मूठ खडखडली. त्यांनी पुन्हा ढकलला. मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला अंगणातली खुर्ची करकरली.

लक्ष्मीकांतराव दारात येऊन उभे राहिले. "एकच स्क्रू आवळलायस."

"दुसरा माझ्याच्यानं फिरत नाही."

"लोणच्याच्या बरण्या तर घरात तूच उघडतेस."

"बरण्या आपल्या आहेत. ही लोकांची चीज झाली."

ते आत आले. चार महिन्यांनी आले. मुठीकडे बघून म्हणाले, "ही मूठ आहे का आल्याचा तुकडा?" दुर्गाबाईंनी नुसता पेचकस पुढे केला.

उजव्या हातानं स्क्रू आवळायचा तर मूठ दुसऱ्या हातानं धरावी लागते. लक्ष्मीकांतरावांनी जरा वेळ वाट पाहिली, बायको धरेल म्हणून. दुर्गाबाई भुसा झाडत राहिल्या. शेवटी डावा हात खिशातून निघाला आणि मुठीवर बसला.

अंगठा खाचेत गेला. उरलेली दोन बोटं आपापल्या खाचांत गेली. जिथे बोटं नव्हती, तिथे लाकूड फुगीर होतं, ते तळव्याला येऊन टेकलं. स्क्रू आवळून झाला, तरी त्यांनी हात काढला नाही.

बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळानं दिग्विजयसिंह दारात आला. "नमस्ते बाबूजी. उठवा लें मशीन?"

दुर्गाबाईंनी एक फळी पाटावर ठेवली आणि क्लॅम्प खटकन दाबला. लक्ष्मीकांतरावांनी फळी पाहिली, क्लॅम्प पाहिला, पात्यापासून मुठीपर्यंतचं अंतर पाहिलं. मग उजवा हात बटणाकडे गेला.

पातं गरगरू लागलं. त्यांचा डावा हात मुठीवर होता, पण पाट हलेना. दुर्गाबाईंना फार वाटलं, त्या हातावर आपला हात ठेवावा. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरून ठेवला.

पाट पुढे सरकला. फळीचे दोन तुकडे झाले. पाट मागे आला, मशीन बंद झालं.

"आज नहीं, भाईसाहब," लक्ष्मीकांतराव दाराकडे न बघता म्हणाले. "मशीन काम में है. चाय पीके जाइए."

दिग्विजयसिंहानं दुर्गाबाईंकडे पाहिलं. "बसा ना, चाय ठेवते," असं म्हणून त्या निघाल्याच.

पेचकस जागेवर ठेवायला लक्ष्मीकांतराव हत्यारांच्या भिंतीवरच्या फळीपाशी गेले. तिथे कानशीशेजारी कणकेचा एक गोळा होता, वाळून तडे गेलेला. त्यावर एका अंगठ्याचा आणि दोन बोटांचा खोल ठसा होता. त्यांनी तो उचलला आणि बराच वेळ डाव्या हातात धरून ठेवला.

"तरीच," ते स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, "सोमवारी मला एक पोळी कमी पडली."